व्हिनपाशी

एम्बल्टनच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक म्हातारा आणि एक म्हातारी नंबर लागायची वाट पाहत बसले होते. म्हाताऱ्याने घसा खाकरला.

“एल्सी, लग्नाचं ठरवायला भेटणार होतो, त्या रविवारी तू आली का नाहीस?”

“हे आत्ता विचारतोस, कथबर्ट?”

“बेरिल असताना कसं विचारणार?”

“मी आले होते. अंधार पडेपर्यंत थांबले. तूच म्हणालास ना, व्हिनपाशी भेट?”

“व्हिनपाशीच होतो. खाणीवरच्या कड्यावर.”

“कड्यावर? अरे, व्हिन म्हणजे आमच्या कुरणामागची काटेरी झुडपं! पिवळ्या फुलांची.”

“आम्ही खाणीतले लोक त्या काळ्या दगडाला व्हिन म्हणतो.”

“आणि आम्ही मेंढ्यांवाले झुडपाला.”

“मला वाटलं, तुझ्या बापाने अडवलं.”

“मला वाटलं, तुझं मन फिरलं. मग नॉर्मनला हो म्हटलं.”

“चांगला होता नॉर्मन.”

“चांगलाच होता. तुझी बेरिलही.”

“हो. तीही.”

आतून एल्सीचं नाव पुकारलं. ती काठी टेकत उठली.

“झालं की चहाला जाऊ. मी कुठे थांबू?”

“कुठे जाऊ नकोस बाबा. ह्याच खुर्चीत बस.”