माझी वाट चुकलेली चरबी

अरे, माझी गंमत ऐका! माझ्या कमरेवर लहानपणापासून मऊ गाठींचा घोस आहे. तो वाढायला लागला तशी बायको घाबरली, शहाद्याला डॉक्टरांकडे ओढतच घेऊन गेली.

रिपोर्ट बघून डॉक्टर हसले. “घातक काही नाही. कातडीखाली असायची ती चरबी कातडीतच येऊन बसलीय. फार क्वचित दिसतं हे!”

मी असा काडीपहिलवान. ‘माझ्या लेकाला तूप वाढत नाहीस’ म्हणून आई बायकोला कायम बोलणार. बायकोनं तिथूनच माझ्या आईला फोन लावला, “आत्या, तुमना पोऱ्याना आंगवर चरबी शे! डाक्टरच सांगी ऱ्हायनात! मन्हं तूप वाया नही गयं, फक्त जागा चुकनी!”

आई म्हणाली, “चुकीच ना! त्याले कळसाडी गावले धाडो तं ब्राह्मणपुरी जास. चरबी बी त्यानावरच गयी!”