औरंगाबादच्या खोलीची बोली

हसू नका, पण नेटवर हॉटेलच्या खोलीसाठी बोली लावायची तर बायकोला सोबत नेऊ नये. औरंगाबादची अडीच हजारांची खोली. उल्हासनगरला, कॅम्प चारच्या सायबर कॅफेत बसून मी हजाराची बोली टाकली, कार्डाचा नंबर दिला. आता हॉटेलने मान्य केली तर पैसे परत नाहीत. स्क्रीनवर नुसतं चक्र फिरतंय.

बायको म्हणाली, "उठा. दुकानदार गप्प बसला की सरळ निघायचं. मागून हाक मारतोच."

"अगं, इथे दुकानदार कुठाय?"

ती दारापर्यंत पोचलीसुद्धा. तेवढ्यात माझ्या स्क्रीनकडे बघून कॅफेवाला ओरडला, "भाभी, वापस आ जाओ! मान गया!"

मी सुटकेचा निःश्वास टाकला. ती माझ्यावरच भडकली, "सातशेत दिली असती! तुम्ही खुर्चीला चिकटून बसलात, तिथेच त्याने ओळखलं!"