अकरा पोती, वर्ग ड

प्रति, प्राचार्य. विषय — श्रीमती नीलम्मा निंगप्पा हत्तुरे, राहणार भवानी पेठ, यांनी यंत्रमाग कारखान्यात बावीस वर्षे कांड्या भरण्याचे काम केल्याबाबतच्या सर्वेक्षण फॉर्मच्या प्रती मिळणेबाबत. संदर्भ — यापूर्वी आपल्याकडे दिलेले तीन अर्ज, ज्यांचे उत्तर अद्याप मिळालेले नाही. — वाकून बघू नकोस दानेश्वरी, वाचून दाखवतोय की. आईचं नाव बरोबर आहे ना? तुझ्या आईला आयुष्यात कुणी श्रीमती म्हटलं नसेल, म्हणून दचकलीस. अर्जात सगळे श्रीमती असतात. कार्यालयाचा तेवढाच मोठेपणा, फुकट असतो.

आता चौथ्यांदा का लिहायचं म्हणतेस? अगं, पहिला अर्ज कळवण्यासाठी असतो, दुसरा आठवणीसाठी, तिसरा पुराव्यासाठी — की आपण दोन दिले होते — आणि चौथा सवयीनं. चौतीस वर्षं बिराजदार सरांच्या कॉलेजात लिपिक होतो, शेवटची अकरा वरिष्ठ लिपिक. म्हणजे काम तेच, खुर्चीला हात आले. लोकांचे अर्ज दाबून ठेवायला तेव्हा पगार मिळायचा, आता तेच अर्ज लिहून देतो ते फुकट. चहा घे. साखर कमी असेल, डॉक्टरांनी मला सांगितलंय, भोगतात येणारे.

आईचा खोकला कसा आहे? — हं. तो कापसाचा कचरा छातीत बसला की उठत नाही. आणि कामगार कार्यालयवाले म्हणणार, बाई कामगार होती हे आधी दाखवा, मग औषधाच्या मदतीचं बघू. बरोबर आहे त्यांचं. मालकाच्या हजेरीत तिचं नाव नाही, कारखानाच राहिला नाही, पत्रे काढून तिथं आता मंगल कार्यालय झालंय. मग कामगार कशावरून? खोकल्यावरून? खोकला तर मलाही येतो, मी काय माग चालवला?

बिराजदार सर तुझ्याबरोबर आले होते ना त्या कार्यालयात? रांगेत उभे राहिले? — राहणारच. उभं राहायची सवय त्या माणसाला. अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणजे वर्गात पंखा लावून मागणी-पुरवठा शिकवावा, घरी जावं. हे गृहस्थ दर दिवाळीच्या आठवड्यात भवानी पेठेत दारोदार. मजुरी किती, तास किती, खाडा धरला की किती कापतात. पहिल्या वर्षी कारखान्यात जाऊन विचारलं, मालक शेजारी उभा, सगळ्यांनी पाठ केल्यासारखा एकच आकडा सांगितला. सर खूश! म्हणाले, भाऊसाहेब, बाजारात केवढी एकवाक्यता! मग घरोघर जायला लागले, तेव्हा तुझी आई त्यांना काय म्हणाली, माहितीय? सरांनी मला शंभरदा सांगितलंय. म्हणाली, "मालक काय देतोय ते मालकाला इचारा की सर. मंगळवारच्या बाजाराची पिशवी हितं हाय, उचलून बघा." आणि सरांनी उचलली! पुढच्या वर्षीपासून खिशात ताणकाटा. पगार विचारायचाच नाही, बाजाराची पिशवी टांगायची आणि वजन लिहायचं. एकशे चाळीस घरं, बावीस वर्षं. त्या पिशव्यांवर सरांचं इंग्रजी पुस्तक झालं, दिल्लीला भाषणं झाली, परदेशातून पत्रं आली — शिक्का मीच मारायचो, आवक क्रमांक टाकून. तुझ्या आईची पिशवी दिल्लीपर्यंत जाऊन आली बघ. ती राहिली हितंच.

पुस्तकात आहे की ती! पान एकसष्ट. "प्रतिसादक क्रमांक ११७." — नाव नाही. कसं असणार? नाव छापणार नाही असा सरांनी प्रत्येकीला शब्द दिला होता, मालकानं कामावरून काढलं असतं नाहीतर. शब्द पाळला. आता कामगार कार्यालयातल्या साहेबानं विचारलं, एकशे सतरा म्हणजे याच बाई कशावरून? सर म्हणाले, मला आठवतंय. साहेब काय वाईट बोलला नाही, सरांना खुर्ची दिली, पुस्तकाचं कौतुक केलं, आणि म्हणाला, सर, तुमच्या आठवणीवर सही कुणाची? — तिथं संपलं. नाव आणि क्रमांक एकत्र फक्त मूळ फॉर्मवर. खाली तुझ्या आईचा अंगठा, दर वर्षीचा. आणि ते फॉर्म कॉलेजच्या तळघरात, जिन्याखाली, अकरा पोती —

काय? — अकरा कशावरून म्हणजे? असतील आठ-दहा, अंदाज सांगितला. — सरांनी तुला सांगितलं कपाटात आहेत म्हणून? मग कपाटात असतील. लिपिकाला सगळं पोत्यातच दिसतं. — असं बघू नकोस माझ्याकडं.

बस. उठू नकोस, बस जरा.

तपासणी समिती यायची होती. सतरा साली. प्राचार्य म्हणाले, तळघर मोकळं करा. आता कागद टाकायचा म्हणजे नियम असतो. अ वर्ग कायम ठेवायचा, ब तीस वर्षं, क पाच, ड एक वर्ष झालं की रद्दी. वर्ग मी ठरवायचो. सरांच्या फॉर्मवर आवक क्रमांक नव्हता — लोकांच्या दारात लिहिलेल्या कागदाला कुठला आवक क्रमांक? नंबर नाही म्हणजे कार्यालयाचा कागद नाही. मी ड लिहिला. एक अक्षर. — सूचना लावली होती की! सात दिवसांत हरकत कळवावी, फलकावर, माझ्या सहीनं. सरांनी हरकत घेतली नाही. सर बार्शीला होते, आडत बाजारातल्या हमालांची मजुरी लिहायला. — माहीत होतं. ती कर्तव्य रजा मीच नोंदवली होती. सकाळी रजा नोंदवली, दुपारी सूचना लावली. वाईट हेतू नव्हता, दानेश्वरी. हेतूच नव्हता. समिती यायची होती, जिना मोकळा हवा होता, आणि सर आले की वाद घालत बसतील असं वाटलं — म्हणजे माहीत होतं, कागद महत्त्वाचे आहेत ते. थोडं माहीत होतं.

नाही, सरांना माहीत नाही. त्यांना वाटतं कपाटाला कुलूप आहे, किल्ली सापडत नाहीये. दर आठवड्याला फोन करतात, भाऊसाहेब, किल्लीचं काय झालं? मी म्हणतो, बघतोय. सात वर्षं बघतोय. — हो, तिन्ही अर्ज मीच लिहिले. माहीत असून. मग काय लिहू? तू दारात आलीस, आईचं सांगितलंस, मला अर्ज लिहिता येतो, मी अर्ज लिहिला. दुसरं काही येत नाही मला.

यादी आहे की. टाकलेल्या कागदांची यादी असते ना, ती मात्र अ वर्गात, कायम. उद्या गेलीस तरी बघायला मिळेल, छान अक्षरात आहे, माझ्या. "किरकोळ कागद, पोती अकरा." नावं नाहीत.

तेच लिहून दे म्हणतेस? मी, सहीनिशी, की एकशे चाळीस बायकांचे अंगठे मी — अगं, हा तुझ्या आईचा अर्ज, त्यात माझी कबुली बसत नाही, तिला वेगळा कागद लागतो, वेगळा विषय. — लिहीन. लिहिला तरी साहेब विचारणार, त्यात हत्तुरेबाईंचा फॉर्म होता कशावरून? — मला आठवतंय, म्हणू?

पदर सावर, पंख्यात अडकेल. चहा तसाच ठेवलास. — अर्ज घेऊन जातेस? जा घेऊन, खाली आईचा अंगठा तेवढा घे, तारीख मी टाकलीय. पोच घ्यायला विसरू नकोस. आणि आईनं विचारलं तर सांग, तीन अर्ज दिलेले आहेत, चौथा आज देतोय. निर्णय झालेला नाही.