साहेबांच्या शेजारची जागा

(दफनभूमीचं फाटक. माजी नगराध्यक्षांची विधवा आणि म्हातारा रखवालदार.)

वहिनी : आणि तू नुसता बघत उभा राहिलास?

रखवालदार : काय करणार वहिनी? वकिलांचा मुलगा काल चार माणसं आणि पहार घेऊनच आला. म्हणाला, वडिलांना पुढच्या रांगेतच पुरणार.

वहिनी : पुढारी मेला की पुढची रांग, ही गावाची रीत ठाऊक आहे मला. पण ह्यांच्या शेजारीच का?

रखवालदार : तेवढीच मोकळी होती. बाकी आमदार, सभापती, सगळे खेटून झोपलेत.

वहिनी : ती माझी जागा होती रे.

रखवालदार : म्हणून तर इतकी वर्षं नगरपालिकेला थाप मारली, तिथे खाली खडक आहे म्हणून. दोन पुढारी त्यापायी मागच्या रांगेत गेले.

वहिनी : मग ह्यालाही तेच सांगायचंस.

रखवालदार : सांगितलं की! तो म्हणाला, बघू तुमचा खडक. पहिल्याच घावाला पहार सरळ आत. दर पावसाळ्यानंतर मीच ती माती भुसभुशीत करून ठेवायचो, तुमच्यासाठी.

वहिनी : अरे वेड्या! खडक म्हणून सांगायचं आणि माती उकरून ठेवायची?

रखवालदार : तुमच्या वेळी माझे हात चालतील की नाही, याची धास्ती होती. तेवढी अक्कल नाही चालली. माफ करा.

वहिनी : तुझ्यावर कुठल्या तोंडाने रागावू? पोटच्या पोरांनी एवढं केलं नाही माझ्यासाठी.

रखवालदार : साहेबांच्याच कबरीत वर तुमची शवपेटी ठेवता येईल. परवानगी मिळते.

वहिनी : नको. त्यांना आता उकरायचं नाही. लग्न झाल्यापासून घरात माणसांचा राबता. जेवतानासुद्धा आमच्या मध्ये कुणीतरी बसलेलं. वाटायचं, मेल्यावर तरी शेजारी निवांत पडेन.

रखवालदार : आणि नेमके वकीलच आले मध्ये.

वहिनी : प्रत्येक निवडणुकीत ह्यांच्यापुढे आपटला. एकदा तर अनामत जप्त झाली. जन्मात एकदाच जिंकला बिचारा, तोही मेल्यावर, आणि माझ्याविरुद्ध.

रखवालदार : बसा जरा. पाणी आणतो.

वहिनी : पाणी नको. ती भिंतीकडची जागा दाखव मला.

रखवालदार : फार कोपऱ्यात आहे हो ती.

वहिनी : असू दे. शेजारी कोण आहे तिथे?

रखवालदार : अजून कुणीच नाही, वहिनी.