विरजणाची पीएचडी

…न्हाय, तुम्हीच सांगा, दही लागलं तर लागलं, न्हाय लागलं तर घुसळून ताक करून पिलं, त्यात एवढं इंग्रजी कशाला पाहिजे? पण न्हाय! आमच्या वैशूनं, म्हंजे माझ्या बजरंगाची लेक वैष्णवी, तिनं दह्यावर पीएचडी धरली. दह्यावर! म्या म्हणलं, अगं बाई, दह्यावर साय धरती, पीएचडी कशी धरंल? तर म्हणती, ‘आजी, दह्यात जिवाणू असतात. प्रत्येक घराचा हात वेगळा, म्हणून प्रत्येक घरचे जिवाणू वेगळे. ते मला शोधायचेत.’ शोध बाई. इथवर ठीक हुतं. पण शोधायचं ते इंग्रजीतनं शोधायचं, आन् ते इंग्रजी ऐकायचं कुणी? म्या!

कारण तुम्हाला सांगते, घरात दुसरं हाय कोण? आई चुलीपुढं, बाप मोबाइलपुढं. आन् मला अडाणी समजू नका बरं का! शाळेत म्या गेले न्हाय, त्यात नुकसान शाळेचं झालं. बजरंग पहिलीला गेला तवा त्याच्या पाटीवर त्याच्याआधी म्या बाराखडी गिरवली. इंग्रजी अक्षरं खताच्या पोत्यावरनं शिकले. आज बी औषधाच्या पाकिटावरली तारीख वाचल्याबिगर म्या गोळी गिळत न्हाय, डाक्टर डोळे वटारंना का! तवा रोज संध्याकाळी वैशू मला बाजंवर बसवायची, म्हणायची, ‘आजी, तू कमिटी. मी बोलते. चुकले तर थांबव.’ आन् सुटायची गाडी… हायपोथेसिस, मेथडॉलॉजी, व्हेरिएबल, सिग्निफिकंट… माझी कंबर मोडायची, पर गाडी थांबंना.

म्या विचारलं, हायपोथेसिस म्हंजे काय गं? म्हणती, ‘तपासायच्या आधी आपल्याला काय वाटतं ते.’ अगं मग, नवी सून उंबरा ओलांडायच्या आधी सासूला तिच्याबद्दल जे वाटतं तेच की हे! फरक एवढाच, की सासू पुढं तपासत न्हाय. आन् रिव्ह्यू ऑफ लिटरेचर? ‘आपल्याआधी ह्या विषयावर कोण कोण काय बोललंय ते सगळं गोळा करायचं, आजी.’ हापशावर आमी दुसरं काय करतो? आन् लिमिटेशन! हे तर मला लई आवडलं. आपल्या कामात काय काय उणं राह्यलं ते आपणच आधी सांगून टाकायचं, म्हंजे दुसरा बोलायच्या आत आपण मोकळं. आमी त्याला ‘गोड मानून घ्या’ म्हणतो, पर न्हाय, इंग्रजीत त्याला बी शब्द हाय!

तुम्ही हसताय, पर हसण्यावारी नेऊ नका. कारण बजरंगानं ढोकीचं एक स्थळ गळाला लावून ठिवलंय. पोरगा नोकरीला, घर पक्कं, दारात ट्रॅक्टर. बजरंग म्हणाला, ‘आई, ह्या खेपेला कमिटीनं तिला पास केलं तर शिकू दे. न्हाय केलं तर दिवाळीनंतर बार उडवायचा.’ म्हंजे पोरीचं शिकणं सगळं दह्याच्या गाडग्यावर येऊन टेकलं! रात्री पोर उशाला कागदं घिऊन झोपायची, झोपंत बी ‘थँक यू, सर’ म्हणायची. मला गलबलून यायचं. म्हणून ऐकत हुते हो, नायतर मला काय पडलंय व्हेरिएबलचं?

तर झालं काय… वैशूनं आळीत घरटी एकेक बाटली वाटली. लहान, झाकणाची, धुतलेली. सगळ्या बायांना गोळा करून बजावलं, ‘काकू, मावशी, आपापल्या घरचं दही, बुधवारी सकाळी, ह्यात. दुसरं काही मिसळायचं नाही.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. डोलावणारच. बुधवारी बाटल्या भरून आल्या, पोर एसटीत बसून विद्यापीठात गेली, आन् पंधरा दिवसांनी परत आली ती तोंड पाडून. आल्या आल्या माझ्या मांडीवर डोकं ठिवलं. म्हणती, ‘आजी, सगळ्या बाटल्यांत एकच जिवाणू निघाले. अगदी एकच. सर म्हणाले, वैष्णवी, तुम्ही गावात फिरलाच नाहीत, एकाच गाडग्यातनं सगळ्या बाटल्या भरल्यात. त्याला मालप्रॅक्टिस म्हणतात.’

बघा! लबाडी म्हणत न्हाईत ती माणसं. इंग्रजीत त्याला बी शब्द हाय!

म्या उठले ती फणकाऱ्यानं, म्हणलं त्या सराचा नंबर दे, माझी नात आन् लबाड? आन् उठता उठता माझ्या डोक्यात लखकन् उजेड पडला… मंगळवारी आमच्या मागल्या दारानं गुंडाप्पाची बायको अयोध्या आली हुती. ‘काकू, वाटीभर दही द्या की, पाव्हणे आल्यात.’ दिलं. तिच्या मागनं वैजनाथची नवी सून समृद्धी. ‘आजी, सासूबाईंचा उपास हाय.’ दिलं. मग आणिक एक, मग आणिक एक. म्या मनात म्हणलं, आज आळीत एवढे पाव्हणे कुठनं उतरले? पर विचारायचं कसं? दिवेलागण व्हायच्या आत दारात कुणी दह्याला, विरजणाला आलं तर रिकामी वाटी धाडायची न्हाय, ही आमची रीत. आन् खरं सांगू, माझं दही बी तसंच. सुरीनं कापावं असं. द्यायला मला बी बरं वाटतं.

म्या तशीच अयोध्याकडं गेले. म्हणलं, काय गं, ते दही पाव्हण्यांनी खाल्लं का बाटलीनं? तर लाजायचं सोडून वर मलाच म्हणती, ‘मग काय वो काकू, माझं पातळ पाणी विद्यापीठात धाडू? तिथले सायेब म्हणतील, बेंबळीच्या बायांना दही बी लावता येत न्हाय! आपल्या वैशूचं नाव खराब करू का म्या?’ घ्या! पोरीचं नाव राखायला सगळ्या आळीनं मिळून पोरीला बुडीवलं! आन् एकीचं दुसरीला ठावं न्हाय, प्रत्येकीला वाटलं आपणच तेवढी हुशार!

वैशूला सांगितलं तर पोर आधी हसली, मग रडली, मग म्हणती, ‘आजी, ह्याला काँटॅमिनेशन म्हणतात.’ म्हण बाई! शेजारधर्म म्हणू नको, इंग्रजीत त्याला बी शब्द हाय!

पुन्हा सगळं पहिल्यापासनं. ह्या खेपेला वैशू स्वतः घरोघरी जाऊन, गाडग्यातनं स्वतःच्या हातानं बाटली भरणार. आन् तोवर महिनाभर आमच्या घरातनं दह्याचा थेंब बाहेर जायचा न्हाय, अशी मला ताकीद. मला! मागलं दार म्या कडी घालून बसले. समृद्धी आली, पोटुशी हाय बिचारी, दहीभात खावासा वाटला. म्या खिडकीतनं म्हणलं, न्हाय गं बाई, मेथडॉलॉजी हाय. ती डोळं पुसत गेली. अयोध्या आली, खरंच पाव्हणे हुते ह्या खेपेला, तिला बी ‘काँटॅमिनेशन हुईल’ म्हणून परत लावलं. हापशावर कुजबुज सुरू, ‘द्वारकाकाकूला म्हातारपणी चिकटपणा सुटलाय.’ ‘नात शिकली ना, आता कशाला वळख देतील!’ म्या ऐकलं, कळशी भरली, गुमान घरी आले. ज्या तोंडानं म्या भर ग्रामसभेत सरपंचाला गप केलं, ते तोंड म्या महिनाभर दाबून धरलं, एका पोरीपायी.

आन् निकाल काय आला? तेच! पुन्हा सगळ्या बाटल्यांत एकच जिवाणू! वैशूला काही सुधरंना. शेवटी तिनं घरोघर जाऊन एकच इचारलं, ‘तुमचं विरजण मूळचं कुठलं?’ अयोध्या म्हणाली, वैजनाथच्या घरचं. वैजनाथची बायको म्हणाली, द्वारकाकाकूचं, लग्न होऊन आले तवा त्यांनीच दिलं. पलीकडची म्हणाली, अयोध्याचं. अशी फिरून फिरून सगळी आळी आमच्या चुलीपाशी येऊन थांबली. आन् म्या कुठनं आणलं? सासूनं दिलं. सासूला कुणी दिलं, ते सासू जाणं.

वैशूनं हे सगळं कमिटीपुढं धडाधड मांडलं. न अडखळता, इंग्रजीत! सरांनी भरल्या खोलीत म्हणलं म्हणं, ‘वैष्णवी, मी उगीच संशय घेतला.’ माझा जीव भांड्यात पडला. पर पुढं काय म्हणले? ‘ह्या बारा बाटल्या बारा सँपल धरता येणार नाहीत. मूळ एकच, म्हणजे सँपल एकच. तुमची आख्खी आळी संशोधनाच्या दृष्टीनं एकच घर आहे. आणखी सहा महिने घ्या, दुसऱ्या गावांत जा.’ नापास न्हाय, पास बी न्हाय. फर्दर रिसर्च इज नीडेड! आमी म्हणतो ‘देवाला ठावं’, पर इंग्रजीत त्याला…जाऊ द्या, दमले म्या.

बजरंगला कळलं तर तो लगेच, ‘गावं हिंडायचीच हायत तर ईटला जा, ढोकीला जा. ढोकीला गेलीस की त्या स्थळाच्या घरचं बी दही घिऊन ये, घर बी बघून हुईल.’ पोर बापाच्या तोंडावर म्हणाली, ‘बाबा, ते व्हेरिएबल माझ्या अभ्यासात नाही.’ बापानं मोबाइलात तोंड खुपसलं. इंग्रजीचा एवढा एक उपेग मला मान्य हाय.

तर सगळं असं मार्गी लागलं, आन् परवा मांजरानं माझं गाडगं लवंडलं. पार खापऱ्या! विरजणाला थेंब उरला न्हाय. जन्मात पहिल्यांदा म्या वाटी घिऊन घराबाहेर पडले. अयोध्या दारात तांदूळ निवडत हुती, मान वर न करता म्हणती, ‘न्हाय वो काकू, मेथडॉलॉजी हाय.’ वैजनाथची बायको म्हणाली, ‘काँटॅमिनेशन हुईल की!’ पलीकडच्या घरानं तर मला बघून आतनं कडीच घातली.

सर म्हणतात, आख्खी आळी म्हंजे एकच घर. आसंल बाबा, शिकलेला माणूस हाय, खोटं कशाला बोलंल? त्याच घरात म्या रिकामी वाटी घिऊन उभी हाय, आन् दार कुणी उघडंना.