सावकाराच्या शिक्क्याखालची हळद

मंडळी, एक प्रश्न विचारतो. उत्तर मला नीट ठाऊक आहे असं समजू नका; पोथ्या चाळणारा माणूस मी, तुमच्यासमोर कीर्तनाला उभं राहायची अजून सवय नाही. प्रश्न असा: माणसाचा माल तारण ठेवता येतो, पण त्याच्यावरचा संशय कुठे ठेवायचा?

ऐका तर. कृष्णाकाठचं एक गाव. तिथे हळद कोठारात नाही, जमिनीत ठेवत. खोल पेव खणायचं, हळद भरायची, तोंड गवतानं-मातीनं लिंपून टाकायचं. भाव येईपर्यंत उघडायचं नाही!

सातगोंडा नावाच्या व्यापाऱ्याला तेलाचा घाणा घालायचा होता. हळद विकावी, तर भाव पडलेला. तो त्रिंबकशेठ सावकाराकडे गेला. शेठनं पेव तारण घेतलं, तोंडावरच्या ओल्या मातीवर आपला शिक्का उठवला आणि कर्ज दिलं. घाणा फिरू लागला.

इकडे शेठचं डोकंही फिरू लागलं. माल भरताना आपण कुठे पाहिला? वर हळद आणि खाली भुसा असला तर? शेजारच्या पेवातून भुयार काढलं असलं तर? रोज जाऊन जमिनीवर काठी आपटायचे, कान लावायचे. जेवताना घास हातात तसाच.

बायको म्हणाली, "अहो, जेवा. हळद काय उठून चालत जाणार आहे?"

"हळद नाही जात. नेणारे नेतात."

मंडळी, हसू नका. पेवाची एक रीत असते. तोंड उघडलं की दिवसभर वारा खेळू द्यायचा. मग आत कंदील सोडायचा. तो विझला, तर माणसानं उतरायचं नाही. आत विषारी हवा कोंडलेली असते. गावातलं पोरही हे जाणतं. शेठही जाणत होते! पण त्यांना वाटलं, ही रीत हळदवाल्यांनीच काढली असणार. दिवसभर तोंड उघडं, म्हणजे माल लांबवायला मोकळीक!

एका दुपारी ते एकटेच गेले. हमाल नेला नाही – हमाल सातगोंडाला सांगेल. गडी नेला नाही – गडी हमालाला सांगेल. दोराचं एक टोक बाभळीला बांधलं, एक कमरेला. स्वतःचाच शिक्का फोडला.

आत हळद होती. खाली बसलेली, पुरुषभर खोल, पण होती. तेवढ्यावर परतायचं ना? नाही. खालचं बघायला उतरले, वाकून उकरू लागले आणि तिथेच आडवे झाले. बाभळीला काय कळतं ओढायचं?

त्याच दिवशी भाव चढला होता. पेव उघडायची परवानगी मागायला सातगोंडा शेठच्या घरी गेला. बाई म्हणाल्या, "पेवाकडेच गेलेत." हा हमालांना घेऊन धावला. उघडं तोंड, ताणलेला दोर. एक हमाल हळूच म्हणाला, "अण्णा, मेला असला तर आळ तुमच्यावर यायचा. मागं फिरू."

सातगोंडानं वाकून पेवात पाहिलं. मग म्हणाला, "फांद्या तोडा."

पाल्याच्या फांद्या दोराला बांधून खालीवर, खालीवर हलवल्या. कोंडलेली हवा ढवळली. कंदील सोडला. ज्योत मिणमिणली, पण राहिली. सातगोंडानं कमरेला दोर बांधला, दुसरं टोक हमालांच्या हातात दिलं आणि उतरला.

दोघंही वर आले. तोंडावर पाणी मारल्यावर शेठनं डोळे उघडले. समोर सातगोंडा, हळदीनं माखलेला, धापा टाकत. शेठ पुटपुटले. सगळे वाकले, वाटलं देवाचं नाव घेतायत.

"ही वरची झाली," शेठ म्हणाले. "तळाची पाहिलीत का?"

हसलात! मीही पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसलो होतो. मग बराच वेळ हसू आलं नाही. बाबांनो, व्यवहारात शिक्का जरूर मारा, माल मोजून घ्या, मी भोळेपणा शिकवत नाही. पण आता डोळे मिटा. तुम्ही खाली पडला आहात, श्वास कोंडलाय. वर दोर कोणाच्या हातात असावा? एक नाव मनात आणा.

आलं? ज्यांना आलं, त्यांनी टाळ उचला. ज्यांना नाही आलं... त्यांनी माझ्याबरोबर थोडं बसा.