भीती गेली, दिवे राहिले

“राहेल, नाताळच्या आदल्या तिन्हीसांजेला विहिरीवर सात दिवे लाव. कधी चुकवू नकोस. पण भिऊन लावू नकोस गं बाई! भीती वाटली, तर तिथल्या तिथं फुंकर मार!”

मंडळी, हे बोल सगुणाबाईंचे. शेवटच्या आजारात, खाटेवरून सुनेला सांगितलेले. आणि माझा आजचा सवाल एवढाच – जुन्या देवापुढचा दिवा येशूच्या सणाला लावला, तर चालतो का? हो म्हणायची घाई नको. नाही म्हणायचीही नको. ऐका!

बाप्तिस्म्याआधी सगुणाबाई त्या विहिरीवर साती आसरांना दिवे लावायच्या. आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बाया; रागावल्या की लेकरू ओढून नेतात, असा लोकांना धाक! पुढे बाई प्रभूच्या झाल्या. भीती गेली, दिवे राहिले! नाताळला लागू लागले. सासू गेल्यावर राहेलनं तेवीस वर्षं शब्द पाळला.

यंदा चर्चचा नवा वडील, म्हणजे कारभारी पंच, झाला शांतवन. वय चौतीस, पण हुद्दा वडील! शिकलेला, माझ्या ह्या कीर्तनात टाळ धरणारा. नाताळच्या आदल्या संध्याकाळी राहेल अंगणात वाती वळत बसलेली – तिथं येऊन उभा!

“काकी, ही आसरांची पूजा झाली. दिवे लावलेत, तर उद्या चर्चात प्रभुभोजनाच्या भाकरीला बसता येणार नाही.”

“अरे, तुझ्या ओसरीत ते झाड उभंय ना, कापूस चिकटवलेलं? ते काय बेथलेहेमात उगवलं?”

“ती... ती सजावट आहे, काकी.”

हसू नका, मंडळी! जाणते सांगतात – गोऱ्यांच्या थंड मुलखात येशूचं नाव पोचायच्या आधीपासून लोक हिवाळ्यात हिरव्या फांद्या घरात आणायचे. आणि पंचवीस डिसेंबर? शुभवर्तमानात तारीख आहे कुठं? त्या दिवशी रोमी लोक सूर्याचा सण करायचे म्हणे. बरं, माझ्या हातातल्या ह्या चिपळ्या? येशूच्या शिष्यानं, पेत्रानं, गालीलाहून आणल्या होत्या काय? प्रभू जुनं भांडं फोडत नाही – घासून घेतो!

राहेलही हेच म्हणाली. “तुझे टाळ तुझ्या आजोबांचे ना? ते कुठल्या देवापुढं वाजवायचे रे?”

वाटलं ना, जिंकली राहेल? छे! शांतवन तिच्यासमोर उकिडवा बसला नि हळूच म्हणाला, “हरलो, काकी. एकच सांगा. आज दिवे नाही लावले, तर काय होईल?”

वात नीट पेटते का बघायला राहेलनं एक दिवा लावला होता. तिची नजर घराच्या दाराकडे गेली. आत सून एस्तेर निजलेली. आठवा महिना. पहिलं लेकरू पोटातच गेलेलं. परवाच शेजारीण कानाशी लागली होती – “आसरांचं चुकवू नका हं, यंदा तर मुळीच!”

“खोटं नाही बोलणार,” राहेल म्हणाली. “यंदा मी त्या बायांनाच भिऊन वाती वळतेय रे!”

आणि तिनं फुंकर मारली!

“सासूबाईंचा एक शब्द पाळला,” डोळ्यांना पदर लावून म्हणाली, “आणि कधी न चुकवायचा, तो मोडला.”

आता बोला, मंडळी! झाड दोषी? दिवा दोषी? टाळ दोषी? नाही हो! दिवा तोच, लावणारीही तीच – मनात कोण बसलंय, ते बघा! तुमच्या दारावर कागदाचा तारा टांगलाय, तो आनंदानं, की शेजाऱ्यानं टांगला म्हणून? मी रोज स्तोत्र म्हटल्याशिवाय चहाच्या कपाला हात लावत नाही – ते प्रेमानं, की चुकलं तर काही होईल म्हणून? आज घरी गेल्यावर मी स्वतःला विचारणार आहे. तुम्हीही विचारा. भीती सापडली, तर मारा फुंकर! प्रेम सापडलं, तर लावा खुशाल – सात लावा, सत्तर लावा!

आणि शांतवन? तो उठला. दिव्यांची पाटी उचलली.

“हे काय रे?”

“मला त्या बायांची भीती नाही, काकी. येशूच्या नावानं लावतो. शब्द तुमचा, पाय माझे. तुम्ही एस्तेरजवळ बसा, प्रार्थना करा.”

“आणि उद्याचं प्रभुभोजन?”

“शेजारी शेजारी बसू.”

पुढे काही बोलला नाही. चपला सरकवल्या, तेल सांडू नये म्हणून पाटी छातीशी धरली – आणि निघाला विहिरीच्या वाटेनं.